आडात आहे म्हणता, मग पोहऱ्यात का येत नाही?

निर्वात पोकळीविषयी लोकांपुढे बोलणाऱ्या आणि लिहिणाऱ्या सर्व भौतिकशास्त्रज्ञांना,

सप्रेम नमस्कार.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत असे. तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिले, आता निवृत्त आहे. माझ्या नावावर संशोधन नाही. पण तुम्ही व्याख्यानात जे बोलता ते ऐकून मुलं दुसऱ्या दिवशी प्रश्न घेऊन आमच्यासारख्या शिक्षकांकडेच येतात. त्या नात्याने हे पत्र लिहिते आहे, आणि जाहीर लिहिते आहे, कारण ज्यांच्यापुढे ती व्याख्यानं होतात त्या सगळ्यांचा याच्याशी संबंध आहे.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एकांचं व्याख्यान ऐकलं. नाव देत नाही, कारण हेच व्याख्यान मी आजवर तीन-चार वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. त्यांनी टेबलावरचा रिकामा कप उचलून दाखवला आणि म्हणाले, "यात काहीच नाही असं तुम्हाला वाटतं. पण या कपातल्या पोकळीत एवढी ऊर्जा आहे की पृथ्वीवरचे सगळे समुद्र उकळून जातील." टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून माझा एक जुना विद्यार्थी उठला. त्याने विचारलं, "सर, एवढी ऊर्जा आहे तर ती बाहेर का काढता येत नाही?" वक्ते हसले. "ते छद्मविज्ञान आहे. पुढचा प्रश्न." सभागृहही हसलं. तो खाली बसला.

दहा मिनिटांपूर्वी ज्या वाक्याला टाळ्या मिळाल्या, त्याच वाक्यावरचा सरळ प्रश्न हसण्यावारी गेला. हे मला गप्प बसून सहन होण्यासारखं नाही.

हा विद्यार्थी कोण, ते सांगते. त्याने बारावीनंतर शिक्षण सोडलं, मोटार रिवाइंडिंगचं काम शिकला आणि त्यातच स्थिरावला. हात कमालीचा नेटका. सात वर्षांपूर्वी त्याने कॅसिमिर परिणामाविषयी वाचलं: दोन धातूचे पत्रे अगदी जवळ आणले तर पोकळीच त्यांना एकमेकांकडे ढकलते. त्याच्या मनाने घेतलं की असे शेकडो थर एकावर एक रचले तर त्यातून वीज मिळायला हवी. तांब्याचा पातळ पत्रा, डिंकाने चिकटवलेला पातळ कागद, ॲल्युमिनियमचा पत्रा, पुन्हा कागद. अशा चार चळती त्याने एका डब्यात बसवल्या, तारा जोडल्या आणि त्यावर टेबलावरचं एक छोटं डिजिटल घड्याळ लावलं. सेल नाही, प्लग नाही. घड्याळ चालू झालं आणि अकरा महिने बंद पडलं नाही.

तुम्हाला इथेच हसू आलं असेल, तर कृपा करून थोडं थांबा.

त्याने दोन वर्षांत अकरा प्राध्यापकांना पत्रं लिहिली. आकृती, मोजमापं, फोटो, सगळं जोडून. नऊ जणांकडून काही आलं नाही. एकांनी "पुन्हा लिहू नये" असं कळवलं. एकांनी एक ओळ पाठवली: "ऊर्जा अक्षय्यतेचा नियम वाचा." तो नियम त्याने माझ्याच वर्गात वाचला होता. आणि इकडे, जे त्याला उत्तर द्यायला उत्सुक होते, ते वेगळेच लोक होते. शून्यबिंदू ऊर्जेवर, म्हणजे सगळी उष्णता काढून घेतल्यावरही उरणाऱ्या ऊर्जेवर, चालणारे जनरेटर लवकरच बाजारात आणणार असं सांगणाऱ्या एका कंपनीने त्याच्याकडून विक्रेता म्हणून आगाऊ रक्कम घेतली. जनरेटर आला नाही, रक्कमही परत आली नाही. तरी त्याचा विश्वास डळमळला नाही, कारण घरात घड्याळ चालू होतं. तो आता आपल्या यंत्रात नातेवाइकांचे पैसे घालण्याच्या बेतात होता. तेव्हा तो डबा घेऊन माझ्याकडे आला.

"मॅडम, तुम्ही तरी बघा."

मी बघितलं. एक मोठी हवाबंद बरणी घेतली, तळाशी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, डबा आणि घड्याळ आत ठेवून झाकण घट्ट लावलं. तो म्हणाला, यानं काय होणार? मी म्हटलं, पोकळीला दमट हवा लागत नाही, तुझ्या कागदाला लागते का ते बघू. पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घड्याळाचे अंक फिके दिसू लागले. चौथ्या दिवशी सकाळी काच कोरी होती. मग झाकण काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अंक परत उमटले, वेळ अर्थातच चुकीची.

त्यानंतर त्याने स्वतःच एक चळत उलगडली. मी त्याला सांगितलं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पांढरी भुकटी साचली होती आणि जागोजागी टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. दोन वेगळे धातू, मधे डिंकाचा कागद, हवेतला ओलावा आणि हातावरच्या घामाचं मीठ. साधा विद्युतघट. घड्याळाची वीज ॲल्युमिनियम झिजून येत होती. त्याने ती भुकटी बोटावर घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "म्हणजे बिल हा भरत होता."

एक बरणी, सिलिका जेल आणि पाच दिवस. अकरा पत्रांना उत्तर म्हणून एवढंच पुरलं असतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते, कारण मला तुमच्यावर केवळ असौजन्याचा ठपका ठेवायचा नाही. तुम्ही दिलेलं उत्तरही अपुरं आहे.

शून्यबिंदू ऊर्जा ही थाप नाही. १९११ मध्ये प्लांक यांच्या समीकरणात ती प्रथम आली. १९१३ मध्ये आइन्स्टाइन आणि स्टर्न यांनी ती हायड्रोजनच्या विशिष्ट उष्णतेला लावून बघितली. १९२४ मध्ये मलिकन यांना रेणूंच्या वर्णपटात तिची खूण सापडली. द्रवरूप हेलियम निरपेक्ष शून्याच्या कितीही जवळ नेला तरी नेहमीच्या दाबाखाली गोठत नाही, त्याला घन करायला सुमारे २५ वातावरणांचा दाब द्यावा लागतो. सगळी उष्णता काढून घेतली तरी त्याच्या अणूंची जी हालचाल शिल्लक राहते ती त्याला स्थिर बसू देत नाही. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा येत असे. मी तुमच्याच बाजूची आहे, हे कळावं म्हणून सांगितलं.

म्हणूनच "अक्षय्यतेचा नियम वाचा" हे उत्तर चालत नाही. पोकळीतून ऊर्जा काढू बघणारा माणूस शून्यातून ऊर्जा निर्माण करायला निघालेला नसतो. तो म्हणतो, ऊर्जा तिथे आहे असं तुम्हीच सांगितलं, मी फक्त उपसतो आहे. १९९३ मध्ये कोल आणि पुटॉफ यांनी एका नामांकित भौतिकी नियतकालिकात नेमका हाच युक्तिवाद मांडला होता, की पोकळीतून ऊर्जा आणि उष्णता काढण्याने ऊष्मागतिकीचे नियम मोडत नाहीत. त्यांच्याशी सहमत व्हायची गरज नाही, मीही नाही. पण त्या युक्तिवादाला अक्षय्यतेचा नियम दाखवणं म्हणजे प्रश्न न ऐकताच उत्तर देणं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे म्हण उलटी पडते. आडात आहे, तरी पोहऱ्यात येत नाही. का, ते मी त्या मुलाला असं सांगितलं. ऊर्जा कामाला लावायची तर काहीतरी वरच्या पातळीवरून खाली उतरावं लागतं. धरणातलं पाणी खाली पडतं म्हणून झोतयंत्र फिरतं. कोळसा जळून अधिक स्थिर पदार्थ होतात, म्हणून उष्णता मिळते. समुद्रात पाणी अफाट आहे, पण समुद्रसपाटीवरच जलविद्युत केंद्र बांधून चालत नाही, कारण पाणी पाडायला खाली जागाच नाही. निर्वात अवस्था ही विद्युतचुंबकीय क्षेत्राची सर्वांत खालची पायरी आहे. तिच्याखाली पायरी नाही. शिवाय सरळ एकसारख्या वेगाने जाणाऱ्या प्रत्येकाला पोकळी सारखीच दिसते. तिच्यातून कितीही वेगाने गेलं तरी तिचा वारा लागत नाही, आणि वाराच नाही तर पवनचक्की फिरणार कशी? त्याने हे दोन मिनिटांत समजून घेतलं. त्याच्या पत्राला उत्तर न देणाऱ्या नऊ जणांना हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

मग त्याने विचारलं, "पण मॅडम, पत्रे ओढले जातात ना? ओढलं म्हणजे काम झालं." बरोबर. इथे आम्ही आकडे मांडले, आणि हे आकडे तुमच्या एकाही व्याख्यानात मी ऐकले नाहीत.

कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये दिलेलं सूत्र घ्या. दोन आदर्श, आरशासारखे पत्रे, प्रत्येकी एक चौरस मीटर, दहा नॅनोमीटर अंतरावर. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण आठ हजारावा भाग. त्यांच्यातला जोर साधारण तेरा टनांच्या वजनाइतका निघतो. ऐकून डोळे विस्फारतात, आणि लेख बहुतेक इथेच थांबतात. पण हा जोर इतक्या चिमुकल्या अंतरापुरता असतो की पत्रे कितीही लांबून आणून दहा नॅनोमीटरवर भिडवले तरी एकूण मिळणारी ऊर्जा ०.०००४३ ज्यूल. एक ग्रॅमचं वजन चार सेंटिमीटर उचलण्याइतकी. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये दहा हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. त्या एका सेलची बरोबरी करायला हा चौरस मीटरचा प्रयोग दोन कोटींहून जास्त वेळा करावा लागेल. आणि तो दुसऱ्यांदा करायचा तर पत्रे परत ओढून दूर न्यावे लागतात. त्याला निदान तेवढीच ऊर्जा लागते. शेल्फवरून पडलेलं पुस्तक एकदा आवाज करतं. ते परत वर ठेवणारा हात हिशेबात धरला नाही तर कोणत्याही शेल्फचं वीजकेंद्र होईल.

त्याने ही आकडेमोड स्वतः तीन वेळा केली. तिसऱ्यांदा पेन्सिल खाली ठेवली. सात वर्षांचं ओझं उतरताना मी तिथे बघत होते. आनंद नव्हता तो, पण फसवलं गेल्याची भावनाही नव्हती. ही संधी तुम्हाला अकरा वेळा मिळाली होती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारी, ती त्या कपाची. समुद्र उकळवणारा तो आकडा येतो कुठून, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. क्षेत्राच्या प्रत्येक कंपनाला अर्धा क्वांटम, म्हणजे ऊर्जेच्या सर्वांत लहान हप्त्याचा अर्धा भाग, द्यायचा, अत्यंत लहान तरंगलांबीपर्यंत बेरीज करत जायचं, आणि कुठेतरी मनाने रेषा मारायची. रेषा कुठे मारली त्यावर उत्तर ठरतं. ती प्लांक लांबीशी, म्हणजे आजच्या भौतिकशास्त्राला अर्थ उरतो त्या सर्वांत लहान लांबीशी, मारली तर निघणारं उत्तर आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या आकड्याच्या सुमारे एकावर १२० शून्यं इतक्या पटींनी जास्त येतं. दुसऱ्या कुठल्याही शास्त्रात एवढी तफावत आली तर आपण गणितात काहीतरी मुळातून चुकलं असं म्हणतो. तुम्ही तोच आकडा व्याख्यानात ऊर्जेचा साठा म्हणून दाखवता.

विश्वाच्या प्रसरणावरून जी ऊर्जा मोजली जाते, ती पोकळीचीच आहे असं धरलं तर एका घन किलोमीटरमध्ये अर्ध्या ज्यूलच्या आसपास ऊर्जा भरते. अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानातली सगळी गोळा केली, तरी एक हजार मेगावॉटचं वीजकेंद्र दहा मिनिटांत तेवढी वीज देतं. कपात समुद्र उकळवण्याइतकी ऊर्जा, आणि पृथ्वीएवढ्या पोकळीत दहा मिनिटांची वीज. श्रोत्यांना यातला एकच आकडा सांगणं हे मला प्रामाणिक वाटत नाही. दोन्ही सांगितले तर व्याख्यान अधिकच रंगेल, कारण या दोन आकड्यांमधली दरी हे आजच्या भौतिकशास्त्रातलं सर्वांत मोठं कोडं आहे.

दुसरी तक्रार: तुमच्यातला मतभेद तुम्ही घरातच ठेवता. कॅसिमिर बल म्हणजे शून्यबिंदू ऊर्जेचा ढळढळीत पुरावा, असं लोकांना सांगितलं जातं. पण १९५० च्या दशकात लिफ्शित्झ यांनी तेच बल पदार्थातल्या विद्युतभारांच्या चढउतारांवरून काढलं होतं, आणि २००५ मध्ये रॉबर्ट जॅफी यांनी स्पष्ट लिहिलं की हे बल शून्यबिंदू ऊर्जेचं नावही न घेता काढता येतं. बल खरं आहे. लामोरो यांनी १९९७ मध्ये ते मोजून दाखवलं. त्याचा अर्थ काय, यावर मात्र तुमच्यातच दोन मतं आहेत. माझ्या विद्यार्थ्याने सात वर्षं ज्या पायावर घर बांधलं, तो पाया वादाचा आहे हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

तिसरी तक्रार प्रसिद्धीपत्रकांची. २०११ मध्ये स्वीडनमधल्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठात, एका अतिवाहक (विजेला रोध नसलेल्या) मंडलाचे गुणधर्म सेकंदाला अब्जावधी वेळा बदलून, पोकळीतून सूक्ष्मलहरींचे फोटॉन मिळवले गेले. अप्रतिम प्रयोग. बातम्या मात्र "शून्यातून प्रकाश" अशा झळकल्या. त्या फोटॉनांची ऊर्जा मंडल हलवणाऱ्या यंत्रणेने पुरवली होती, ही ओळ शोधूनही सापडेना. जपानचे मासाहिरो होत्ता यांनी २००८ मध्ये मांडलेली ऊर्जेच्या क्वांटम दूरस्थानांतरणाची कल्पना २०२२-२३ मध्ये प्रयोगात दिसली, तेव्हा पुन्हा तेच. एका जागी मोजमाप करताना ऊर्जा खर्च होते आणि दुसऱ्या जागी त्याहून कमी मिळते. बातमीत फक्त "पोकळीतून ऊर्जा काढली" एवढंच उरतं. त्या बातम्यांची कात्रणं त्याच्या वहीत होती, तुमच्या संस्थांच्या नावांसकट.

चौथी. तुम्ही सगळ्यांना एकाच पोत्यात भरता. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियात जॉन कीली नावाच्या माणसाने ईथरमधून, म्हणजे अवकाशभर पसरलं आहे असं तेव्हा मानलं जाणाऱ्या माध्यमातून, शक्ती काढणारं इंजिन दाखवून वर्षानुवर्षं भागधारकांचे पैसे घेतले. १८९८ मध्ये तो वारला, आणि त्याच्या कार्यशाळेच्या तळघरात दाबलेल्या हवेची पोलादी टाकी सापडली. हा एक प्रकार. दुसरीकडे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉरवर्ड. १९८४ मध्ये त्यांनी कॅसिमिर बलाने जवळ येणाऱ्या, विद्युतभारित पातळ पापुद्र्यांतून वीज कशी मिळू शकेल ते गणितासकट उघडपणे छापलं, कोणीही तपासावं म्हणून. पुन्हा पापुद्रे उलगडायला ऊर्जा लागते, हे त्या गणितातूनच दिसतं. आणि तिसरीकडे माझ्या विद्यार्थ्यासारखी माणसं, जी फसवत नाहीत, फसतात. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलं आहे. त्यांना आपण भामटा म्हणतो का? पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये शाश्वत गतीच्या यंत्रांचे प्रस्ताव तपासायचे नाहीत असं ठरवलं. तो निर्णय मला समजतो, वेळ सगळ्यांनाच मर्यादित असतो. पण अकादमीने दार लावताना कारणही छापलं होतं. तुम्हाला ते लिहून दारावर चिकटवायला काय हरकत आहे?

पेटंटचंही तसंच. अमेरिकेत १९९६ मध्ये आणि २००८ मध्ये पोकळीतल्या ऊर्जेसंबंधी पेटंट दिली गेली. फसव्या कंपन्या ती दाखवून पैसे मागतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की सरकारनेच यंत्र चालतं म्हणून शिक्का मारला. पेटंट म्हणजे यंत्र चालल्याचा दाखला नव्हे, हे एक वाक्य तुमच्यापैकी कोणी ठळकपणे लिहिलं असतं तर माझ्या विद्यार्थ्याची रक्कम वाचली असती. याच २००८ च्या पेटंटवरच्या संशोधकांपैकी गॅरेट मॉडेल यांच्या गटाने पुढे ती कल्पना प्रयोगशाळेत तपासली आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल छापला. त्यातून आजवर चालतं यंत्र आलेलं नाही. पण आपल्याच दाव्याची चाचणी घेऊन ती उघड्यावर मांडणं याला मी मान देते.

दुःख याचं आहे की पोकळीविषयी सांगण्यासारखं एवढं खरं आणि थक्क करणारं असताना हे चाललं आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो यंत्रणेत २०१९ पासून पिळलेली निर्वात अवस्था नियमितपणे वापरली जाते. पोकळीतली चंचलता एका बाजूने दाबून दुसऱ्या बाजूला सरकवायची, आणि हव्या त्या मोजमापातला गोंगाट कमी करायचा. तिथले ४० किलोचे आरसे प्रकाशाच्या क्वांटम चंचलतेने किती थरथरतात तेही २०२० मध्ये मोजलं गेलं. तिथे पोकळीतून ऊर्जा मिळत नाही, उलट तिला पिळायला लेसर खर्ची पडतो. पण त्या बदल्यात कोट्यवधी प्रकाशवर्षांवरची कृष्णविवरं अधिक स्पष्ट ऐकू येतात. हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "आरसा टांगलाय कशाने?" मोटारी बांधणाऱ्या माणसाचा प्रश्न. असे प्रश्न तुमच्या सभागृहात हसून घालवू नका.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

कपाचं ते वाक्य एक तर सोडा, नाही तर त्याच दमात आकाशातून मोजलेला आकडाही सांगा. "पोकळीत ऊर्जा आहे" असं म्हटल्यावर "ती का काढता येत नाही" हे सांगितल्याशिवाय व्यासपीठावरून उतरू नका. कॅसिमिर बलाचा उल्लेख केलात तर एका चौरस मीटरला किती ज्यूल, तेही बोला. जोर एकट्याने सांगू नका.

तुमच्या संस्थेच्या प्रसिद्धीपत्रकात ऊर्जा "मिळाली" असा शब्द असेल, तर ती कोणी पुरवली हे त्याच परिच्छेदात छापून घ्या. वार्ताहराने गाळलं तर त्याला पत्र लिहा. मी लिहिते, पण माझ्या पत्राला वजन नाही.

तुमच्यापैकी काही जणांनी एकत्र येऊन, सगळ्या भाषांत, दोन पानांचं टिपण काढा: असा दावा आला तर घरच्या घरी काय तपासायचं. ओलावा काढून बघा. धातूच्या पेटीत ठेवून रेडिओ लहरी अडवून बघा. दोन्ही टोकांचं तापमान सारखं ठेवून बघा. यंत्राचं वजन आधी आणि नंतर करा, काय झिजलं ते शोधा. ऊर्जा किती दिवस मिळाली आणि एकूण किती ज्यूल झाली ते मांडून बघा. माझ्या विद्यार्थ्याच्या अकरा महिन्यांच्या विजेची बेरीज आम्ही केली, तेव्हा ती झिजलेल्या ॲल्युमिनियमच्या मानाने फारच थोडी निघाली. पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायला तुम्हाला वेळ नाही हे मी मान्य करते. हे टिपण पाठवायला एक मिनिट लागेल.

जे आपला दावा तपासू देतात आणि जे पैसे मागतात पण तपासू देत नाहीत, यांच्यात जाहीरपणे फरक करा. दुसऱ्या प्रकारच्या लोकांविषयी वेळेवर बोला, लोकांचे पैसे बुडाल्यावर नको. आणि कोणा तरुण संशोधकाने असा दावा नीट तपासून "काही आढळलं नाही" असं लिहिलं, तर ते छापायला जागा द्या. त्या कामाने त्याची कारकीर्द डागाळता कामा नये.

राहता राहिला तो विद्यार्थी. त्याने नातेवाइकांचे पैसे घेतले नाहीत. डबा माझ्याकडे ठेवला आहे, एक चळत उलगडलेली आणि तीन जशाच्या तशा. तो दर रविवारी येतो आणि आम्ही थोडं थोडं पुढचं वाचतो. गेल्या खेपेला त्याने एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून तो तुमच्याकडे पाठवते आहे. प्रत्येक ऊर्जेला गुरुत्वाकर्षण असतं असं तुम्ही शिकवता. मग त्या बेरजेत येणारी ती प्रचंड शून्यबिंदू ऊर्जा खरोखर तिथे असेल, तर विश्व तिच्यामुळे केव्हाच विस्कटून का गेलं नाही? आणि ती तिथे नसेल, तर हेलियम का गोठत नाही?

या प्रश्नाला मात्र "पुढचा प्रश्न" म्हणू नका. उत्तर मला नको, जाहीर द्या. ठाऊक नसेल तर तसं सांगा. पुढच्या व्याख्यानाला तो येणार आहे, आणि या वेळी तो पहिल्या रांगेत बसणार आहे.

आपली,
भौतिकशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका